डब्यातले तेरा तुकडे

हे मी कोणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, मुलींना नाही. देवापुढे तर मुद्दामच नाही — त्याला माहीत असेलच, असं म्हणून वेळ मारून नेली. आता वय असं झालंय की सकाळी जाग आली की आधी छातीवर हात ठेवून बघते, चालू आहे ना. आणि चालू आहे हे कळलं की बरं वाटायच्या ऐवजी भीती वाटते. अजून सांगायचं राहिलंय, याची. एकदम सांगणं मला जमणार नाही. जरा लांबून येते.

मी भित्री आहे. विजेला भिते, कुत्र्याला भिते, लिफ्टमध्ये एकटी जात नाही. घरातले हसतात, नातवंडं मुद्दाम दिवे घालवतात. हसू देत. पण मी खरी कोणाला भिते ते त्यांना माहीत नाही. मी माझ्या काकीला भिते. तिला जाऊन सत्तर वर्षं होत आली, आणि जिवंतपणी तिनं मला कधी साधा चिमटासुद्धा काढला नव्हता. मग भिते का? तेच तर सांगायचंय.

पन्नास सालानंतरची गोष्ट. अंधेरीला, वर्सोव्याकडे जाणाऱ्या रस्त्यालगत आमची बैठी चाळ होती. पुढे विहीर, मागे चिंच, आणि तासभर चाललं की खाडी. आम्ही मूळचे मालवणकडचे. बाबा फोर्टात एका कचेरीत कारकून होते. त्यांचा धाकटा भाऊ, म्हणजे माझा काका, बोटीवर आगवाला होता — इंजिनाच्या भट्टीत कोळसा घालायचं काम. वर्षातले दहा महिने पाण्यावर. त्याची बायको आणि मुलगी मथू आमच्याकडेच राहायच्या. काकी हसताना तोंडावर पदर धरायची. माझ्या आयुष्यातली पहिली लाल रिबन तिनं आणून दिली, स्वतःच्या मुलीच्या आधी मला. हे लक्षात ठेवा. मला ते विसरता येत नाही.

काकी क्षयानं गेली. काकानं तिच्या अस्थी कोळ्याच्या होडीतून नेऊन वर्सोव्याच्या खाडीत सोडल्या. होडी परत येईपर्यंत मथू किनाऱ्यावर माझं बोट धरून उभी होती. होडीत आई दिसेना, तेव्हा तिनं माझ्याकडे बघितलं. मी दुसरीकडे बघितलं. मग काका बोटीवर निघून गेला आणि मथू कायमची आमची झाली. ती आठ वर्षांची, मी तेरा.

सुरुवातीला मला तिची दयाच येत होती, खोटं कशाला सांगू? पण दया फार दिवस टिकत नाही. आमची खोली एकच. रात्री सगळ्यांची अंथरुणं जमिनीवर, आणि आईच्या कुशीकडची जागा माझी होती. ती मथूला गेली. आई नारळ खवताना खवणीवरून चिमूटभर खोबरं माझ्या हातावर ठेवायची. ते चिमूटभर खोबरंही मथूला गेलं. तुम्ही म्हणाल, एवढंसं? हो, एवढंसंच. तेरा वर्षांच्या घोडीला चिमूटभर खोबऱ्याचं दुःख झालं. मी कुणाला बोलले नाही. आतल्या आत आंबत राहिले.

आमच्या शेजारी एक निवृत्त मास्तर राहायचे. दांडेकर मास्तर. माझं इंग्रजी सुधारावं म्हणून बाबांनी मला त्यांच्याकडे पाठवलं. त्यांच्याकडे निळ्या पुठ्ठ्याचं एक जाडजूड सचित्र पुस्तक होतं, जुन्या इजिप्तच्या देवांचं. धड्याच्या पुस्तकाला मी कंटाळते हे बघून मास्तर त्यातलं एकेक पान माझ्याकडून वाचून घ्यायचे, अडलं की मराठीत समजावायचे. काय देव होते एकेक! कोणाला बहिरी ससाण्याचं तोंड, कोणाला कोल्ह्याचं. आणि सगळे एकमेकांचे भाऊ, बहिणी, नवरे, बायका. आपल्या गावच्या भावकीसारखीच भांडणं.

ओसायरिस हा भला राजा. सेथ त्याचा भाऊ. सेथला भावाचं बघवेना, म्हणून त्यानं त्याला मारलं, त्याचे चौदा तुकडे केले आणि नाईल नदीच्या मुलखात सगळीकडे फेकून दिले. ओसायरिसची बायको आयसिस लव्हाळ्याची होडी घेऊन निघाली. तिच्याबरोबर तिची बहीण. दोघींनी दलदल धुंडाळून एकेक तुकडा गोळा केला. तेरा मिळाले. चौदावा माशानं खाल्ला होता. आयसिसनं ते तेरा तुकडे जुळवले, कापडात गुंडाळले, आणि आपल्या पंखांनी वारा घालून त्याच्यात जीव आणला.

मास्तर म्हणाले, यातला तुला कोण आवडला? मी म्हटलं, आयसिस. पण मला कळला होता तो सेथ. दुसऱ्याच्या पानात जास्त पडलं की पोटात काय होतं, ते मला कोणी शिकवायला नको होतं.

आणखी एक चित्र होतं. मेलेल्या माणसाचं काळीज तराजूत घातलंय, दुसऱ्या पारड्यात एक पीस. मेलेल्यानं देवांपुढे उभं राहून म्हणायचं — मी खोटं बोललो नाही. मी कोणाला रडवलं नाही. मी पोरांच्या तोंडचं दूध काढलं नाही. काळीज पिसाहून जड भरलं की शेजारी एक मगरीच्या तोंडाची बया बसलेली असते, ती ते खाऊन टाकते. मी ते पान उलटताना बोट चित्राला लागू द्यायची नाही.

आणि मास्तरांनी सांगितलेलं हेही ऐका, पुढे लागणार आहे. ते लोक म्हणत, माणूस मेला तरी त्याचं नाव कोणी घेतंय तोवर तो आहे. म्हणून एखाद्याचा सूड घ्यायचा तर त्याचं नाव भिंतीवरून खरवडून काढत. तो दुसरा मृत्यू. त्याच्यातून मग सुटका नाही.

तर दुपारी आम्ही दोघी पडवीत वालाचं बिरडं सोलत बसायचो, आणि मी मथूला हे सगळं सांगायची. चवीनं सांगायची. तिचे हात थांबायचे, तोंड उघडं राहायचं, आणि माझ्या वाटणीचे वालही शेवटी तीच सोलायची. एके दिवशी तिनं विचारलं, "अक्का, माशानं खाल्लेला तुकडा परत नाय मिळत?"

"नाही."

"माझ्या आईला पण माशांनी खाल्लं असेल?"

मी काय म्हणायला हवं होतं? काहीही. वेडी का तू, म्हटलं असतं तरी चाललं असतं. मी म्हटलं, "आपल्याकडे मासे कुठून येतात? वर्सोव्याहूनच ना."

त्या दिवसापासून मथूनं मासे सोडले. मालवणी घरात पोर मासे खात नाही म्हणजे केवढी गोष्ट! आई गोंजारून थकली, रागावून थकली. मथूनं कारण सांगितलं नाही. तिच्या पानातली तुकडी माझ्या पानात यायला लागली. मी खाल्ली. रोज खाल्ली.

आता खरं पाप. म्हणजे पहिलं.

काही दिवसांनी ती पुन्हा विचारायला लागली. आयसिसनं तुकडे जुळवले आणि तो उठला? उठला. बोलला? बोलला. मग घरी आला? इथे मी थांबले. कारण पुस्तकात तो घरी येत नाही. तो उठतो, पण खालच्या जगात जातो आणि मेलेल्यांचा राजा होतो. मागे राहिलेल्यांना तो परत मिळत नाही. हे मला ठाऊक होतं. मास्तरांनी दोनदा समजावलं होतं. आदल्या रात्री मथूनं झोपेत माझ्या आईच्या गळ्यात हात टाकलेला मी बघितला होता, आणि आईनं तो काढला नव्हता. मी म्हटलं, "आला की. सगळे तुकडे शोधले की माणूस घरी येतो. शोधायला मात्र आपलंच माणूस लागतं."

काकी परत आली असती तर मथू तिच्याकडे झोपली असती. एवढाच माझा हिशेब. मथू खरंच खाडीवर जाईल असं मला वाटलं होतं का? मी स्वतःला पुष्कळ वेळा सांगितलंय, नाही वाटलं. पण भाद्रपदात एक दिवस तिनं मला विचारलं, ओहोटी कधी असते गं? आणि मी तिला म्हटलं, पारूबायला विचार. पारूबाय म्हणजे आम्हाला मासे द्यायला येणारी कोळीण. म्हणजे मला कळलं होतं. कळल्याशिवाय कोणी असं उत्तर देतं का?

दुसऱ्या दिवशी अविधवा नवमी होती. नवरा मागे असताना गेलेल्या बाईच्या नावानं त्या दिवशी सवाष्ण जेवायला घालतात. काकीच्या नावानं आमच्याकडे शेजारची सवाष्ण यायची होती. आई पहाटेपासून वडे, खीर यांत गुंतलेली, बाबांनी रजा घेतलेली. दहाच्या सुमाराला आईनं हाक मारली, मथू! — आणि मथू नव्हती. फळीवरचा झाकणाचा पितळी डबाही नव्हता.

डबा नाही हे फक्त मी बघितलं.

चाळ गोळा झाली. चिंचेखाली बघितलं, स्टेशनपर्यंत माणसं गेली. मग कोणीतरी विहिरीकडे बघितलं. पडलेल्या बादल्या काढायचा लोखंडी गळ आणला. दोर सोडला. आई विहिरीच्या कठड्याला धरून खाली बसली. गळ रिकामा वर आला. पुन्हा सोडला. बाबा दोराकडे बघत होते, आणि त्यांचे ओठ हलत होते. मी चार हातांवर उभी होते. एक वाक्य. मथू खाडीवर गेलीय. एवढंच बोलायचं होतं. पण त्याच्या पुढचं वाक्य काय आलं असतं? तुला कसं ठाऊक? मी तोंड उघडलं नाही. गळ तिसऱ्यांदा रिकामा वर आला, तेव्हा आई जोरात रडली, आणि मी — मी मनात भरतीची वेळ मोजत होते. पारूबायनं मथूला ती सांगताना मी ऐकलं होतं.

दहापासून तीनपर्यंत. पाच तास.

तीन वाजता पारूबाय मथूला कडेवर घेऊन आली. मथू गळ्यापर्यंत चिखलानं माखलेली, आणि डबा पोटाशी घट्ट धरलेला.

"पोर चिखलान रुतली व्हती, कमरेपावत," पारूबाय धापा टाकत म्हणाली. "भरतीचा पानी चरत व्हता. मी नय बघली असती तं गेली व्हती. आयशीला शोधताव, असा बोलत व्हती."

घाबरली की आई शुद्ध मालवणीवर जायची. "अगो बाये माझ्या, तिची आवस तिका ओढून व्हरता हा!" म्हणजे मेलेली काकी मथूला आपल्याकडे ओढून नेतेय.

तुम्ही हे ऐकून हसू नका. जरा आईच्या जागेवरून बघा. पोर मासे टाकते. आईच्याच तिथीला उठून जाते, जिथं आईच्या अस्थी सोडल्या त्याच पाण्यात. आणि विचारलं तर म्हणते, आईला शोधते. दुसरं काय वाटणार कुणाला? दुसरं काही वाटायला एका माणसानं बोलायला हवं होतं.

बाबांनी मथूला समोर घेतलं. "तुला कोणी सांगितलं हे? खाडीवर जायला कोणी सांगितलं?"

मथूनं माझ्याकडे बघितलं. पापणी न हलवता बघितलं. मग म्हणाली, "कोणी नाय."

तराजू तिलाही ठाऊक होता. मीच सांगितला होता, त्या मगरीच्या तोंडाच्या बयेसकट. खोटं बोललं की काळीज जड होतं, यावर तिचा पक्का विश्वास होता. तरी ती माझ्यासाठी खोटं बोलली.

आंघोळ घालून तिला निजवलं, तेव्हा तिनं मला जवळ बोलावलं आणि डबा उघडून दाखवला. शिंपल्या होत्या, माशांचे काटे होते, गुळगुळीत झालेलं लाकूड होतं, आणि हिरव्या बांगडीचा एक तुकडा. "तेरा मिळाले, अक्का," ती कानात म्हणाली. "आता जुळव ना."

मी झाकण लावलं.

त्या शनिवारी दुपारी दहिसरहून भुतंखेतं बांधणाऱ्या एका जाणत्याला आणलं. आमच्याच मुलखातला, म्हातारा, स्वच्छ धोतर नेसलेला. मला वाटलं होतं तो ओरडेल, घुमेल. तसं काही नाही. त्यानं शांतपणे सगळं विचारून घेतलं. काकीचं हिरवं लुगडं, तिची फणी, तिचा एकुलता एक फोटो आणि मथूचा तो डबा — सगळं एका फडक्यात बांधायला सांगितलं. मग लोखंडी खिळा हातात घेऊन उंबऱ्याशी बसला आणि आम्हा सगळ्यांकडे बघत म्हणाला, "कोणाक काय सांगूचा असात तर आताच सांगा. एकदा बांधलंय की ती परत ह्या घरात येवची नाय. कधीच नाय."

बाबा मान खाली घालून बसले होते. त्यांचा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता, पण तीनदा रिकामा आलेला गळ त्यांनीही बघितला होता. आई मथूला धरून बसलेली. मी दाराच्या आतल्या बाजूला. मला एकटीला ठाऊक होतं की काकीनं काहीही केलेलं नाही. ती बिचारी कोणाला ओढत नव्हती, कोणाला छळत नव्हती. जे केलं ते मी केलं होतं. आणि तो माणूस विचारत होता. चांगला चार श्वास थांबला होता.

शब्द तोंडात आलेला होता. मी गिळला.

त्यानं खिळा ठोकला. चार घाव. चौथ्याला तो लाकडात पूर्ण गेला. फडकं खाडीत सोडायला सांगून म्हातारा उठला, आणि जाताना बजावलं, तिचं नाव ह्या घरात घ्यायचं नाही. पोरीनं तर मुळीच नाही. स्वप्नात आली तरी ओ द्यायची नाही.

कळलं ना, मी काय केलं? घरात एका माणसाला ठाऊक होतं की नाव खरवडणं म्हणजे काय. मास्तरांच्या पुस्तकातून एवढंच मी नीट शिकले होते, आणि मी ते होऊ दिलं. जिनं मला रिबन आणली तिच्यावर मी माझा आळ घातला, आणि मेलेलं माणूस उलट बोलू शकत नाही, म्हणून तो तिथंच चिकटला.

पुढचं ऐका, कारण हेही मी कोणाला सांगितलं नाही. त्या रात्रीपासून आई मथूला कुशीत घेईना. घाबरायची. मथूचं अंथरूण भिंतीकडे गेलं आणि माझी जागा मला परत मिळाली. मला त्या रात्री गाढ झोप लागली.

काका परत आला तेव्हा बाबांनी त्याला सांगितलं. तो उंबऱ्यातल्या खिळ्याकडे बघत बराच वेळ बसला. त्यानंही नंतर बायकोचं नाव घेतल्याचं मी ऐकलं नाही. मास्तरांकडे मी जायचं बंद केलं. मथू मोठी झाली, मासे पुन्हा खायला लागली, लग्न करून बोरिवलीला गेली. चांगला संसार केला. सणाला फोन करायची, माझ्या मुलींची लाडकी मावशी झाली. आईचा विषय मात्र कधी नाही. एकदाच, तिच्या मुलीनं शाळेसाठी आजीचं नाव विचारलं, तेव्हा मथू उठून आत गेली आणि उत्तर मला द्यावं लागलं. मी म्हटलं, मला आठवत नाही.

आठवतं. इथे मात्र अजून लिहिलेलं नाही, तुमच्या लक्षात आलं असेल. दोनदा पेन टेकवलं. दोनदा उचललं.

आता मला वाटतं, मी मेल्यावर तो तराजू वगैरे काही नसेल. ते त्यांचे देव, त्यांचा मुलूख. आपल्याकडे दुसरं काही असेल. पण काकी असेल. तोंडावर पदर धरून उभी असेल, आणि काही विचारणार नाही. नुसती बघेल, मथूनं बघितलं तशी. मला याचीच भीती वाटते.

मथू गेल्या वर्षी गेली. शेवटचे आठ दिवस हॉस्पिटलात होती आणि दुपारची पाळी माझी असायची. शेवटून दुसऱ्या दिवशी ती चांगली शुद्धीवर होती. ऊन खाली आलं होतं, खोलीचं दार उघडं होतं, बाहेर भांड्यांचे आवाज येत होते. ती सारखी दाराकडे बघत होती. मग तिनं माझं मनगट धरलं. केवढी ताकद होती त्या हातात! शहात्तर वर्षांची बाई, आणि डोळे त्या आठ वर्षांच्या पोरीचे. पण त्या पोरीच्या डोळ्यांत भीती नव्हती. ती आईला शोधायला कमरेइतक्या चिखलात गेली होती.

"अक्का," ती म्हणाली, "ती बाहेर आलीय गं. मला न्यायला. तिला आत घेऊ नकोस. मथू इथं नाय म्हणून सांग."

खोलीत आम्ही दोघीच होतो. सांगायला पाच तास नको होते, चार श्वासही नको होते. ती तुला कधीच ओढत नव्हती, मथू. ते मी केलं. ती आली असेल तर जा तिच्याकडे, तुझी आई आहे ती. एवढं पुरलं असतं. मी तिचा हात सोडवला.

मी उठले आणि दार लावून घेतलं.